राजाचा घोडा कुणी सांभाळला?

मुलांनो, आज एक छोटासा खेळ खेळूया. कागद-पेन्सिल घ्या आणि ज्यात घोडा आहे असे मराठीतले शब्द आणि म्हणी लिहून काढा. मी सुरुवात करून देते. वरातीमागून घोडं. गंगेत घोडं न्हालं. घोडामैदान जवळच आहे. नेमकं इथंच घोडं पेंड खातं. खोगीरभरती. घोडदौड. बिनीचा शिलेदार. झाले की नाही सात? आजी-आजोबांना विचारलंत तर आणखी पाच-सहा सहज मिळतील.

आता गंमत बघा. आपल्या रोजच्या बोलण्यात इतके घोडे आहेत, पण आपल्या आळीत मात्र एकही नाही! लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या खाली दिसला तर दिसला. मग हे भाषेतले सगळे घोडे आले कुठून आणि गेले कुठे?

आले कुठून ते इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. गेले कुठे ते मात्र पुस्तकात नाही. ते सापडतं माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या आपल्या सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतल्या रस्त्यांवर. या घोड्याचं नाव भीमथडी.

नदीकाठचा घोडा

'थडी' म्हणजे काठ. भीमा नदीच्या काठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात या नावाचा एक तालुकाच होता. बारामतीचा परिसर त्यात येई. तुम्ही म्हणाल, "पण बाई, भीमा तर भीमाशंकराच्या डोंगरात उगवते आणि पुणे-सोलापूरकडून जाते. आमच्या साताऱ्या-सांगलीचा तिच्याशी काय संबंध?" जरा नकाशा उघडा बरं. साताऱ्याच्या उत्तरेला नीरा नदी आहे, ती भीमेला मिळते. माण तालुक्यातली माणगंगा दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला असा प्रवास करून शेवटी भीमेलाच मिळते. म्हणजे आपल्या माणदेशातलं पावसाचं पाणी भीमेच्याच घरचं!

हा सगळा मुलूख कोरडा. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि दहिवडी-म्हसवडकडे जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, इकडे येईपर्यंत त्यांची झोळी हलकी झालेली असते. म्हणून इथं गवत आखूड, जमीन कडक, पायाखाली काळा कातळ. अशा ठिकाणी कोण टिकणार? जो थोडक्यात भागवतो तो. पिढ्यान्‌ पिढ्या इथं जे घोडे जगले ते बुटके, काटक, टणक खुरांचे आणि खाण्याचे लाड नसलेले. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याशेजारी उभं केलं तर भीमथडी त्याच्या खांद्याखालीच राहील. पण त्या शर्यतीच्या घोड्याला माणच्या माळावर सुकलेल्या गवतावर महिनाभर ठेवून बघा! मग कोण मोठा ते कळेल.

समुद्रावरून आलेले पाहुणे

पण ही जात नुसती इथल्या मातीतली नाही, बरं का. बहामनी, आदिलशाही, विजयनगर अशा राज्यांना लढाईसाठी घोडे लागत. चांगला घोडा म्हणजे अरबी घोडा अशी त्याची कीर्ती होती. तो अरबस्तानातून आणि इराणकडून गलबतात बसून यायचा आणि चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांवर उतरायचा. हा व्यापार इतका फायद्याचा होता की पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर तो आपल्या मुठीत धरायचा प्रयत्न केला. या परदेशी पाहुण्यांचा आणि इथल्या तट्टांचा संकर होत गेला. बाहेरच्या घोड्याची चाल आणि वेग, इथल्या घोड्याचा काटकपणा. दोन्हींतून दख्खनचा घोडा घडला.

मराठ्यांच्या फौजेत हाच घोडा होता. तुम्ही 'बारगीर' आणि 'शिलेदार' हे शब्द वाचले असतील. ज्याला सरकारी पागेतून घोडा आणि शस्त्रं मिळत तो बारगीर. जो स्वतःचा घोडा घेऊन फौजेत येई तो शिलेदार. मोगलांच्या छावणीत जड तोफा, हत्ती, तंबू, बाजार असा सगळा पसारा असायचा. मराठा स्वाराजवळ सामान थोडं आणि त्याच्या घोड्याला चाराही थोडा पुरायचा. घाट चढायचा, कुणाला कळायच्या आत छापा घालायचा आणि परत डोंगरात गुडूप! गनिमी काव्याचं अर्धं श्रेय या चार पायांचं आहे, असं म्हटलं तर त्यात काही चूक नाही.

आपल्या भागातलीच नावं घ्यायची तर कराडजवळच्या तळबीडचे हंबीरराव मोहिते शिवरायांचे सरसेनापती होते. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते धारातीर्थी पडले. पुढे संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांच्या नाकी नऊ आणले. मोगलांचा घोडा पाण्याला तोंड लावीना की स्वार त्याला विचारायचे, "काय रे, पाण्यात तुला संताजी-धनाजी दिसतात की काय?" ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल.

आणि १७५८ साली? मराठ्यांचे घोडे पार सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत गेले. पुण्याहून अटक किती लांब ते नकाशावर दोऱ्याने मोजून बघा. 'अटकेपार झेंडा' हा वाक्प्रचार तिथून आला. त्या उत्तरेच्या मोहिमांमध्ये मल्हारराव होळकर हे मोठं नाव. १६९३ साली जन्मलेला हा मुलगा एका धनगराच्या घरातला होता. नीरेकाठच्या होळ गावावरून त्यांचं आडनाव होळकर पडलं.

आपल्या राज्यगीतातही या भीमथडी घोड्याचा उल्लेख आहे. २०२३ पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत झालं. शाळेत ते म्हणताना कान देऊन ऐका, सापडेल.

पागा मोडल्या, मग?

१८१८ मध्ये पेशवाई संपली. फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या. पुढं आगगाडी आली, मग मोटार आली. ज्या घोड्यासाठी सरदार जीव टाकत होते त्याला आता काम नव्हतं. काम नाही त्याला चारा कोण घालणार? सरदारांच्या वाड्यांतून घोडे नाहीसे झाले. मग ही जात संपायला हवी होती, नाही का?

ती संपली नाही. कारण एका माणसाला घोडा अजून हवा होता. त्याच्याकडे ना पागा होती, ना वाडा. म्हणजे त्याच्याकडे 'वाडा' होता, पण वेगळाच. धनगर मेंढपाळांची चार-पाच बिऱ्हाडं मिळून मेंढरांसह फिरतात, त्या तांड्यालाही आपल्याकडे वाडाच म्हणतात. हा वाडा दगडी नाही, चालता आहे!

पाऊस संपला, दिवाळी झाली की माणदेशातलं गवत संपत येतं. मग मेंढपाळ कोकणाकडे, कृष्णाकाठाकडे, नाहीतर पुण्याच्या बाजूला निघतात. सहा-सात महिने रोज नवा तळ. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंडीखत आपोआप पडतं आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. मृग जवळ आला की परतीची वाट.

आता विचार करा, तुम्हाला तुमचं घर रोज उचलून न्यायचं आहे. पाल आणि त्याच्या काठ्या, भांडीकुंडी, धान्य, अंथरुणं, मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, शिवाय कोंबड्या, काल जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारं धाकटं भावंडं. हे सगळं कोण नेणार? घोडी! पुरुष मेंढरं चारत रानारानातून हळू येतात. बाया बिऱ्हाड घोड्यांवर लादून पुढे निघतात आणि नव्या तळावर जाऊन चूल पेटवतात. घोड्याशिवाय हा संसार एक दिवस चालायचा नाही. राजाचा घोडा सांभाळला तो असा, मेंढपाळाच्या बाईनं.

आमच्या वर्गात एकदा मराठ्यांच्या घोडदळाचा धडा चालू होता. मी सहज विचारलं, "घोडा जवळून कुणी पाहिलाय?" मागच्या बाकावरून एक हात वर आला. दरवर्षी दिवाळीनंतर हजेरीपटावर ज्यांची नावं गप्प होतात त्यांतला हा मुलगा. "बाई, आमच्याकडं दोन हायती की." बाकीची मुलं हसली. एकजण म्हणाला, "बाई, तो घोडा न्हाई, तट्टू हाय!" मुलगा खाली बसला. मी त्याला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "धडा आता तू शिकव." आधी तो लाजला. मग बोलायला लागला. "घोडीला रस्ता दाखवाय लागत न्हाई. म्होरं आय चालती, मागनं घोडी. तळ आला की तिला आपसूक कळतं. ओढ्यात पाणी किती हाय ते आधी ती बघती, मग आमी उतरतो." वर्ग चिडीचूप! शेवटी मी मुलांना सांगितलं, "धड्यात ज्या घोड्याचं वर्णन आहे ना, तो याच्या दारात बांधलेला असतो." त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका होता. 'तट्टू' म्हणणाराच सगळ्यांत पुढे!

तिकडचे भटके, त्यांचा घोडा

आता आपण जरा लांब, थेट इंग्लंडला जाऊन येऊ. तिथं रोमानी नावाचे लोक आहेत. पूर्वी त्यांना जिप्सी म्हणत. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्या भारतातून निघाले आणि इराण, आर्मेनिया, तुर्कस्तान असे करत युरोपभर पसरले. हे कशावरून कळलं? भाषेवरून! त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नख', कानाला 'कन', केसांना 'बाल' आणि माणसाला 'मनुष' म्हणतात. दोनला 'दुइ'. आहे की नाही ओळखीचं?

हे लोकही गावोगाव फिरत. आधी ते पाल ठोकून राहत आणि सामान घोड्यांवर लादत, अगदी आपल्या वाड्यासारखं. १८५० च्या सुमारास त्यांनी चाकावरची घरं बनवली. रंगीत, नक्षीची, आत चूल असलेली. ती ओढायला त्यांनी एक खास घोडा घडवला. शायर, क्लाइड्सडेल अशा जाड हाडांच्या ओझेवाहू घोड्यांचा आणि डेल्स तट्टांचा संकर. ठेंगणा, भक्कम, शांत स्वभावाचा. पायांवर गुडघ्यापासून खुरापर्यंत झालरीसारखे लांब केस. आणि रंग बहुतेक वेळा काळा-पांढरा. आपल्याकडे त्या रंगाला 'अबलख' म्हणतात. लहान मुलांनी त्याच्या पोटाखालून पळापळ केली तरी त्यानं हलायचं नाही, असा घोडा त्यांना हवा होता. घरात मुलं असली की असाच सोबती लागतो ना! दरवर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या अॅपलबी गावात या लोकांची मोठी जत्रा भरते. तिथं घोडे नदीत धुतात आणि रस्त्यावर पळवून दाखवतात. आपल्या पुसेगाव-खरसुंडीच्या यात्रेत बैलांची जशी शान, तशी तिथं घोड्यांची.

पण या घोड्याला बरीच वर्षं कागदावर नावच नव्हतं. कुठल्या घोडीचं शिंगरू कुठलं, हे सगळं घरातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात. एका अमेरिकन जोडप्यानं तो पाहिला, आपल्या देशात नेला आणि १९९६ मध्ये त्याची पहिली नोंदणी संस्था तिथं सुरू झाली. मग जगाला कळलं, अरे, ही तर स्वतंत्र जात आहे!

कागदावर नाव आलं, पुढे काय?

आपल्या भीमथडीचंही तसंच झालं. खिल्लार बैल म्हटलं की सगळे ओळखतात. पण भीमथडीला सरकारी कागदावर जात नव्हती. तो 'स्थानिक तट्टू', म्हणजे कुणीच नाही. मग काही घोडेप्रेमींनी आणि हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी मनावर घेतलं. घोड्यांची मापं घेतली, जनुकं तपासली आणि ही जात इतरांहून वेगळी आहे हे दाखवून दिलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिची नोंद केली. २०२४ च्या जानेवारीत ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भूतिया, कच्छी-सिंधी या सात जातींच्या पंगतीत भीमथडीचं आठवं पान मांडलं गेलं.

आनंदच आहे. पण आता थोडं गणित करू. २०१२ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ६ लाख २० हजार घोडे आणि तट्टं होती. २०१९ च्या गणनेत ती उरली सुमारे ३ लाख ४० हजार. सात वर्षांत दर शंभरातले पंचेचाळीस कमी! भीमथडी घोडे तर सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास, असं त्या बातम्यांत म्हटलं होतं. एखाद्या मोठ्या गावाच्या लोकसंख्येएवढे.

घोडी अकरा महिन्यांनी व्यायते आणि बहुधा एकच शिंगरू होतं. तेव्हा संख्या पटकन वाढत नाही, कमी मात्र पटकन होते. चराऊ रानं कमी होत चालली आहेत, कुरणांना कुंपणं पडत आहेत, रस्त्यावर भरधाव गाड्यांची भीती. कित्येक वाडे आता बिऱ्हाड टेम्पोतून नेतात. त्यांना कोण नावं ठेवणार? आईच्या पायांना विसावा मिळत असेल तर टेम्पो चांगलाच. पण टेम्पो आला की घोडी विकली जाते, हेही खरं.

आणखी एक गोष्ट मनात येते. जातीला नाव मिळालं की किंमत वाढते. उद्या हौशी लोक हे घोडे घेतील, प्रदर्शनात नाचवतील. ते हवंच आहे, म्हणजे जात टिकेल. पण ज्या लोकांनी दोनशे वर्षं कुणीही न सांगता, एक रुपयाचं अनुदान न मागता हा घोडा जपला, त्यांचंही नाव त्या पाटीवर असायला हवं. घोड्याला मान आणि घोडीमागं चालणाऱ्या मुलाला मात्र "ए मेंढक्या" अशी हाक, हे काही बरोबर नाही. तुम्हाला काय वाटतं?

त्या मुलांसाठी एक कायद्याची गोष्टही सांगून ठेवते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मूल वर्षाच्या मध्येच शाळेत आलं तरी त्याला प्रवेश नाकारता येत नाही. जूनमध्ये आला नाहीस, आता जागा नाही, असं म्हणता येत नाही. तेव्हा हिवाळ्यात तुमच्या वर्गात एखादा नवा चेहरा दोन-तीन आठवड्यांसाठी आला, तर त्याला बाकावर जागा द्या. त्याच्याकडून तुम्हाला जे शिकायला मिळेल ते पाठ्यपुस्तकात नाही.

या आठवड्याचं काम

तुमच्या गावाजवळ वाडा उतरला तर मोठ्या माणसांना घेऊन भेटायला जा. आधी कुत्र्यांपासून लांब उभं राहून हाक मारा, कारण ती कुत्री कामावर असतात! काकांना, आजींना नमस्कार करून विचारा. घोडीचं नाव काय? तिची आई कुणाकडची? चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेल्या घोड्याला 'पंचकल्याणी' म्हणतात, तसा एखादा आहे का? ओझं लादताना आधी काय आणि मग काय ठेवतात, आणि दोन्ही बाजूंना वजन सारखं कसं करतात? घोड्याच्या मागच्या बाजूला मात्र कधी उभे राहू नका. तो चावरा नसला तरी दचकतो आणि दचकला की लाथ मारतो.

जे कळेल ते वहीत लिहा, जमलं तर चित्र काढा आणि आमच्याकडे पाठवा. निवडक पत्रं पुढच्या अंकांत छापू. पत्रावर नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. गाव बदलतं असेल तर आज जिथं तळ आहे त्याचं नाव लिहा, चालेल.